ऐकणारा तिसरा

१९३६ साल सरत होतं, १९३७ उजाडत होतं, त्या दिवसांत वर्ध्याला दोन अमेरिकन पाहुणे आले. एक चॅनिंग टोबायस, वाय.एम.सी.ए.चे पुढारी. दुसरे बेंजामिन मेज, वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात धर्मशास्त्राच्या विभागाचे प्रमुख. दोघेही कृष्णवर्णीय. म्हैसूरला भरणाऱ्या वाय.एम.सी.ए.च्या जागतिक परिषदेच्या निमित्ताने ते भारतात आले होते आणि त्यांना गांधीजींना भेटायचंच होतं. मेज यांचे आईवडील गुलाम म्हणून जन्माला आलेले. मेज चार वर्षांचे असताना साउथ कॅरोलायनात हत्यारबंद गोऱ्या जमावाने त्यांच्या वडिलांना टोपी काढून पुन्हा पुन्हा वाकायला लावलं. ही त्यांची आयुष्यातली पहिली आठवण. असा माणूस वर्ध्यात येऊन बसला आणि दीडेक तास अहिंसेबद्दल खोदून खोदून विचारत राहिला. अस्पृश्यतेविरुद्ध लढता, मग जातिव्यवस्थेविरुद्धच युद्ध का पुकारत नाही, हेही त्यांनी विचारलं. हा प्रश्न गांधीजींना डॉ. आंबेडकरांनी विचारला होता. तोच आता अटलांटिकपलीकडच्या एका गुलामाच्या मुलाने विचारला, तोही आपल्या वर्ध्यात.

हेच मेज १९४० मध्ये अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. पुढे तिथे शिकायला आलेला मार्टिन ल्यूथर किंग हा मुलगा त्यांना गुरू मानायचा. १९६८ च्या एप्रिलमध्ये किंग यांचा खून झाल्यावर अंत्यविधीच्या वेळचं भाषण मेज यांनीच केलं.

मला मात्र मेज यांच्या त्याच प्रवासातला दुसरा एक प्रसंग सतत खुणावतो. म्हैसूर भागातल्या अस्पृश्य मुलांच्या एका शाळेत त्यांना बोलावलं होतं. मुख्याध्यापकांनी मुलांना ओळख करून दिली, ती अशी की हे पाहुणे म्हणजे अमेरिकेतले अस्पृश्य, आणि तरीही बघा केवढे मोठे झाले. मेज चक्रावले. थोडे चिडलेही. एवढं शिकलेला, मानाच्या जागी बसलेला माणूस, आणि त्याला अस्पृश्य म्हणावं! पण क्षणभरातच त्यांना उमगलं की मुख्याध्यापकांचं काहीच चुकलेलं नाही. आपल्या देशात कुठल्या हॉटेलात जेवायचं, रेल्वेच्या कुठल्या डब्यात बसायचं हे त्यांच्या कातडीच्या रंगावरून ठरत होतं. किंग यांनीही १९६५ च्या एका प्रवचनात केरळमधला अगदी असाच अनुभव सांगितला आहे.

ज्या शब्दाने पिढ्यान् पिढ्या माणसं चिरडली, तोच शब्द त्या वर्गात मुलांची मान वर करण्यासाठी उच्चारला गेला. बोलणारा मुलांच्या बाजूचा होता आणि समोर ऐकत होती ती मुलंच. तोच शब्द गावच्या चावडीवर दुसऱ्या कुणी, दुसऱ्या कुणासमोर उच्चारला असता तर? शिवीचा विचार करताना आपण देणाऱ्याकडे बघतो, खाणाऱ्याकडे बघतो. ऐकणाऱ्यांकडे बघायचं राहून जातं. आणि सगळ्यात थक्क करणारी गोष्ट तिथेच घडत असते.

१९८५ साली जेफ ग्रीनबर्ग आणि टॉम पिझिन्स्की या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गोऱ्या विद्यार्थ्यांना एका वादविवादाचे परीक्षक म्हणून बसवलं. एक वक्ता गोरा, एक काळा. कधी काळा वक्ता जिंकेल, कधी हरेल अशी आखणी होती. परीक्षकांमध्येच संशोधकांचा एक माणूस साधा विद्यार्थी म्हणून मिसळलेला. वाद संपला की तो काळ्या वक्त्याबद्दल कधी वंशावरून शिवी हासडायचा, कधी वंशाचं नावही न घेता नुसती टीका करायचा, कधी गप्प राहायचा. त्यानंतर सगळ्यांनी गुण द्यायचे. काळा वक्ता जिंकला होता तेव्हा शिवीने काही बिघडलं नाही. पण तो हरला होता तेव्हा, शिवी कानावर पडलेल्यांनी त्याला इतरांहून कमी गुण दिले. नुसत्या टीकेने तसं झालं नव्हतं.

नीट बघा इथे काय झालं. ज्याला शिवी दिली त्याच्या कानावर ती पोचलीसुद्धा नव्हती. त्याला दुःख झालं, अपमान वाटला, असं काहीच घडलं नाही. शिवी देणाऱ्याच्या हातात गुणपत्रिका नव्हती, तो तर नाटक करत होता. आणि गुण देणाऱ्यांपैकी कुणी तोंडातून वावगा शब्द काढला नव्हता. तरीही त्या माणसाचं मोल घसरलं. ते घसरलं मधल्या माणसांच्या मनात, त्यांच्या नकळत. तो हरलेला असतानाच घसरलं, हे मला फार बोलकं वाटतं. माणूस जिंकत असतो तेव्हा त्याचं काम त्याची बाजू सांभाळतं. तो जरा अडखळला की मात्र ऐकणाऱ्याच्या मनात कधीतरी पडलेली शिवी जागी होते आणि अडखळण्याचं कारण म्हणून त्याची जात किंवा त्याचा वंश पुढे करते.

दोनच वर्षांनी त्यांनी आणखी एका सहकाऱ्यासोबत दुसरा प्रयोग केला. या वेळी एका खटल्याची कागदपत्रं वाचायला दिली. आरोपीचा वकील काळा होता, आरोपी गोरा. वकिलाबद्दलची शिवी ज्यांच्या कानावर पडली त्यांनी वकिलाला कमी लेखलं, हे आता अपेक्षितच होतं. पण त्यांनी त्या गोऱ्या आरोपीबाबतही जास्त कडक मत दिलं. शिवी काळ्याला, शिक्षा गोऱ्याला. गावात एका समाजाबद्दल घाण बोललं जातं तेव्हा त्याची झळ त्या समाजापुरती राहते असं मानणाऱ्यांनी या आरोपीची आठवण ठेवावी.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. सगळे ज्याला ‘ॲट्रॉसिटी’ म्हणतात तो अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा. त्याच्या तिसऱ्या कलमात इतर गुन्ह्यांसोबत या दोन गोष्टीही गुन्हा ठरवल्या आहेत. या समाजांतल्या व्यक्तीचा मानहानी करण्याच्या हेतूने मुद्दाम अपमान करणं किंवा तिला धमकावणं. आणि जातीच्या नावाने शिवीगाळ करणं. शिक्षा सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत, शिवाय दंड. पण दोन्हींना एकच अट जोडलेली आहे: हे लोकांच्या नजरेसमोरच्या ठिकाणी घडलेलं असलं पाहिजे.

या अटीवर न्यायालयांनी केवढा खल केला आहे! २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका ड्रायव्हरचं प्रकरण आलं. मालकाच्या घराच्या फाटकाशी, गाडीजवळ उभा असताना त्याला जातीवरून बोललं गेलं. जागा खाजगी होती, असा बचाव झाला. न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक जागा वेगळी आणि लोकांच्या नजरेसमोरची जागा वेगळी. अंगण खाजगी असेल, पण रस्त्यावरून किंवा कुंपणापलीकडून कुणाला दिसत-ऐकू येत असेल तर ते नजरेसमोरच आहे. उलट २०२० मध्ये उत्तराखंडच्या एका प्रकरणात न्यायालय म्हणालं की चार भिंतींच्या आत, बाहेरचं कुणीच हजर नसताना झालेलं बोलणं या कलमात बसत नाही. २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेटवर टाकलेल्या मुलाखतीलाही लोकांची नजर मानलं, कारण ती जो कुणी उघडेल तो प्रत्येक वेळी नवा प्रेक्षक असतो.

बंद खोलीत दिलेली शिवी कमी लागते का? मुळीच नाही. पण एकेका मनाला किती लागलं हे मोजत बसण्याऐवजी कायद्याने चावडी, पाणवठा, रेशनचं दुकान, आर्वी-हिंगणघाटचा एस.टी. स्टँड नजरेपुढे ठेवला. तिथे उभ्या असलेल्या चार माणसांच्या डोळ्यांत एखाद्याची पत खाली आणणं, हा गुन्हा. अमेरिकेतल्या प्रयोगशाळेने आकडे मांडून जे दाखवलं, ते या देशातल्या पाणवठ्यांवर हाकलून लावलेल्यांना कित्येक शतकं अंगाने माहीत होतं. आणि दोन्ही रस्ते एकाच जागी येऊन मिळाले. ती जागा म्हणजे ऐकणारा तिसरा माणूस.

इथे कुणी विचारेल, मग बोलण्याच्या स्वातंत्र्याचं काय? वर्धा जिल्ह्यातल्या माणसाने हा प्रश्न हलक्यात घेऊ नये. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबा पवनारला उभे राहिले आणि युद्धाविरुद्ध बोलले. भारताला न विचारता इंग्रजांनी त्याला महायुद्धात ओढलं होतं. वैयक्तिक सत्याग्रहाची मागणी एवढीच होती की युद्धाला विरोध असेल तर तो शांततेने, उघडपणे बोलून दाखवता आला पाहिजे. गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून विनोबांना निवडलं. चार दिवसांनी त्यांना अटक झाली. त्यांच्यामागून नेहरू, मग हजारो माणसं नुसत्या बोलण्यापायी तुरुंगात गेली. सत्याग्रहाच्या बातम्यांवर निर्बंध आले म्हणून गांधीजींनी आपलं ‘हरिजन’ साप्ताहिकही बंद ठेवलं. हा लढा आपल्या धाम नदीच्या काठावरून सुरू झाला.

आणि म्हणूनच मला वाटतं की शिवीला पवनारच्या भाषणाशेजारी बसवता येत नाही. विनोबा बोलले तेव्हा समोर साम्राज्य होतं आणि बोलण्याची सगळी किंमत बोलणाऱ्याने मोजली. जातीवरून शिवी देणारा सहसा स्वतः काहीच मोजत नाही. ती किंमत दुसऱ्याला उद्या मजुरी मागताना, खोली भाड्याने मागताना, मुलीला वर्गात बसवताना मोजावी लागते. राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषणस्वातंत्र्य दिलं आणि त्याच अनुच्छेदात सभ्यता, अब्रू, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी त्यावर वाजवी बंधनंही घालू दिली. त्याआधी १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यताच संपवली. दोन्ही एकत्र वाचायचे असतात.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. १९४२ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तोंडावर फेकलेल्या, हाणामारी पेटवणाऱ्या शब्दांना संरक्षण नाकारलं खरं, पण पुढे हा अपवाद अरुंद होत गेला. १९९२ मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल शहराचा एक नियम रद्द झाला. काही तरुणांनी एका काळ्या कुटुंबाच्या अंगणात क्रूस जाळला होता. न्यायालय म्हणालं, त्यांना इतर कायद्यांखाली शिक्षा करा, पण सरकारने ठरावीक विषयांवरचाच द्वेष निवडून त्याच्यावर बंदी घालायची नाही. २०१७ चा निकाल तर विलक्षणच. आशियाई वंशाच्या अमेरिकन कलाकारांच्या एका बँडने, आपल्या डोळ्यांच्या ठेवणीची टिंगल करणारा शब्दच मुद्दाम स्वतःचं नाव म्हणून घेतला: ‘द स्लँट्स’. शब्द अपमानकारक आहे म्हणून सरकारी कार्यालयाने नावाची नोंदणी नाकारली. न्यायालयाने एकमताने बँडची बाजू घेतली. अपमान पुसण्यासाठी केलेल्या कायद्याने अपमान झालेल्यांनाच अडवलं होतं! अमेरिकेच्या बाजूने बोलायचं तर हा युक्तिवाद वजनदार आहे आणि तो आपणही ऐकला पाहिजे.

कारण उलटून घेतलेल्या शब्दाची ताकद गांधीजींनीही नोंदवली आहे. दक्षिण आफ्रिकेत गोरे लोक हिंदी मजुरांना ‘कुली’ म्हणायचे, ‘सामी’ म्हणायचे. तमिळ नावांच्या शेवटी येणाऱ्या ‘स्वामी’चा तो अपभ्रंश. काही हिंदी माणसं उत्तर द्यायची, अहो, स्वामी म्हणजे मालक, मी कुठे तुमचा मालक आहे? काही गोरे ओशाळायचे. काही आणखी शिव्या द्यायचे, मारायचेही. बॅरिस्टर गांधी स्वतः ‘कुली बॅरिस्टर’ झाले.

पण सेवाग्रामच्या जिल्ह्यात राहून याचा पुढचा भाग गाळणं बरोबर होणार नाही. त्याच तरुण गांधींनी सुरुवातीच्या वर्षांत तिथल्या मूळ आफ्रिकी लोकांसाठी ‘काफिर’ हा गोऱ्यांचाच शब्द वापरला, आणि हिंदी लोकांना त्यांच्या रांगेत बसवू नका असं लिहिलं. ज्याला वरून शिवी मिळत होती, तो खालच्या पायरीवर शिवी सरकवत होता. डॉ. आंबेडकरांनी आपल्या समाजाचं वर्णन श्रेणीबद्ध विषमता असं केलं ते इथे नेमकं लागू पडतं. गांधीजी पुढे बदलले. वर्ध्यात मेज आणि टोबायस यांच्यासमोर बसलेले गांधी हे ते जुने गांधी नव्हते. पण लिहिलेला शब्द मागे राहतो. २०१६ मध्ये घाना विद्यापीठात बसवलेला त्यांचा पुतळा त्या जुन्या लेखनावरून विरोध झाल्यामुळे २०१८ च्या डिसेंबरमध्ये हटवण्यात आला. त्याच वर्षी मार्चमध्ये दक्षिण आफ्रिकेत एका गोऱ्या बाईला तुरुंगवासाची शिक्षा झाली. मदतीला आलेल्या काळ्या पोलिसांना आणि आपत्कालीन फोनवरच्या कर्मचाऱ्यांना तिने ‘काफिर’ हाच शब्द ४८ वेळा ऐकवला होता. नुसत्या वंशवाचक शिवीगाळीसाठी तुरुंगवास सुनावल्याची त्या देशातली ही पहिली वेळ.

नाव चांगलं दिलं की प्रश्न सुटेल, असंही वाटू शकतं. ‘हरिजन’ हे नाव गांधीजींनी प्रेमाने रूढ केलं. पण १९३८ च्या जानेवारीत मुंबई विधानसभेत ते नाव कायद्यात घालायचं ठरलं तेव्हा डॉ. आंबेडकरांचे सहकारी भाऊराव गायकवाड यांनी विरोध केला. ज्यांना नाव द्यायचं त्यांना विचारलंय का, हा त्यांचा मुद्दा होता. त्यांनी सुचवलेली दुरुस्ती फेटाळली गेली आणि डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. त्यानंतर जवळजवळ आठ दशकांनी, २०१७ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हा शब्द आता अपमान करण्यासाठी वापरला जातो. उलट ‘दलित’ हे नाव माणसांनी स्वतः उचललं. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तीही अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडे बघून. म्हणजे मेज ज्या वाटेने आले, त्याच वाटेवरून पस्तीस वर्षांनी एक नाव इकडे आलं. वर्ध्याच्या लक्ष्मीनारायण मंदिरापुरतं बोलायचं तर १९२८ मध्ये जमनालाल बजाज यांनी ते अस्पृश्यांना खुलं केलं. दार उघडायला तेव्हा कुठल्याच नव्या नावाची गरज पडली नव्हती.

महाराष्ट्र सरकारने २०२० च्या डिसेंबरमध्ये वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यावं, म्हणून. हे योग्यच झालं. पण शिवीला जातीचं नाव लागतच नाही, हेही आपण रोज ऐकतो. ‘सरकारी जावई’ या दोन शब्दांत कुठे जात आहे? तरीही ऑफिसात नवा माणूस रुजू झाला, त्याच्याकडून एक फाइल चुकली, आणि कुणी हळूच हे शब्द टाकले की ग्रीनबर्ग-पिझिन्स्कींचा प्रयोग तिथेच पुन्हा पार पडतो. तोच प्रकार ‘आडनाव काय म्हणालात?’ या साध्या प्रश्नाचा. कुणाला नसत्या चौकश्या करू नको म्हणताना शिकलेली माणसंही सहज जातीचं नाव जोडलेला एक जुना शब्द वापरतात, आणि शेजारी बसलेला चर्मकार समाजातला सहकारी चहाच्या कपात बघत राहतो. आमच्या जिल्ह्यात पारध्यांचे बेडे आहेत. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने अशा जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवण्याची सोय केली. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून निघाला. चोरी झाली की पहिलं नाव कुणाचं निघतं ते आपल्याला माहीत आहे.

हे शब्द कुठल्याच कलमात नीट बसत नाहीत आणि सगळे बसवावेत असंही मला वाटत नाही. प्रत्येक टोमण्यामागे पोलीस धाडायचे ठरवलं तर उद्या ते पवनारच्या भाषणामागेही जातील. म्हणून मला भारत आणि अमेरिका यांच्यातलं अंतर दिसतं तेवढं मोठं वाटत नाही. तिकडे कायदा हात राखतो, म्हणून ऐकणाऱ्यालाच तोंड उघडावं लागतं. इकडे कायदा हात पुढे करतो, पण लोकांच्या नजरेसमोर घडलं हे सिद्ध करायला ज्याच्या नजरेसमोर घडलं त्यालाच पुढे यावं लागतं. तो म्हणाला, ‘मी काही ऐकलं नाही बुवा,’ की खटला तिथेच लंगडा होतो. गावात दुसऱ्या दिवशी त्याच मालकाच्या शेतात कापूस वेचायला जायचं असतं, उधारी असते, नातं असतं. ही भीती खरी आहे.

म्हणून वाचकांना एक गोष्ट सांगायची आहे, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. संसदेने २०१५ मध्ये मंजूर केलेल्या आणि २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ॲट्रॉसिटी कायद्यात १५-अ हे कलम आलं. ते पीडितांसाठी आहे तसंच साक्षीदारांसाठीही आहे. धमकी, दबाव, हिंसा यांपासून संरक्षण. तपासाच्या आणि खटल्याच्या काळातला प्रवासखर्च आणि निर्वाहखर्च. गरज पडली तर दुसरीकडे राहण्याची व्यवस्था, हे सगळं साक्षीदाराचे हक्क म्हणून त्यात लिहिलेलं आहे. पुढच्या वेळी तुमच्यासमोर कुणाला जातीवरून बोललं गेलं, तर ते ऐकणारे तुम्ही आहात. जबाब द्या, आणि देताना १५-अ चे हक्क मागून घ्या.